लग्नाच्या तबकडीची प्रत

घरोघरच्या कपाटांत आज एक चौकोनी डबी हमखास सापडते. तिच्यावर सोनेरी अक्षरांत वधूवरांची नावे छापलेली असतात व आत दोन-तीन डीव्हीडी असतात. सन २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ज्यांची लग्ने झाली, त्यांची हळद, अक्षता, विहिणींची पंगत हे सारे ह्या तबकड्यांवर उतरलेले आहे. आता त्या लावावयास घरात यंत्रच उरलेले नाही. बहुतेक नव्या लॅपटॉपांतून डीव्हीडीचा ड्राइव्ह नाहीसा झाला आहे. तेव्हा ह्या तबकड्या संगणकावर कशा घ्याव्यात, कोणता प्रोग्राम चांगला आणि त्यासाठी नवा संगणक विकत घ्यावा काय, हे प्रश्न आम्हांस वारंवार विचारले जातात. आम्ही स्वतः ह्या बाबतीत एकदा चांगलेच फसलो आहो. ती हकीकत आधी सांगतो.

आमच्या धाकट्या बहिणीचे लग्न २००६ साली बडोद्यास झाले. त्या चित्रीकरणाच्या तीन तबकड्या होत्या. २०१६ साली आम्ही उत्साहाने त्यांतील दोन तबकड्यांचे लहान फायलींत रूपांतर केले आणि कपाटात जागा व्हावी म्हणून मूळ तबकड्या टाकून दिल्या. तिसरीवर ओरखडे होते. वाचन मध्येच अडकले, म्हणून ती कंटाळून तशीच बाजूला ठेवली. पुढे दोन वर्षांनी आई गेली. नंतर एके दिवशी बहिणीचा फोन आला : “दादा, हळदीच्या दिवशी आई जात्यावर बसून ओव्या म्हणत होती, ते तुझ्याकडे आहे ना रे? माझी डबी बदलीच्या सामानात कुठे गेली, सापडत नाही.” आम्ही फायली उघडल्या. जेथे कोणाचा हात हलतो, तेथे त्याच्या कडेला फणीच्या दात्यांसारख्या आडव्या रेघा! आणि ओव्या त्या दोन्ही फायलींत नव्हत्याच.

ह्या रेघा कोठून आल्या, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडील डीव्हीडीवरचे चित्र ५७६ ओळींचे असते. पण कॅमेऱ्याने ते एका दमात घेतलेले नसते. सेकंदाला ५० वेळा, एकदा विषम ओळी व एकदा सम ओळी, अशी अर्धी अर्धी चित्रे तो टिपतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर ती तशीच आळीपाळीने उमटत, म्हणून डोळ्यास काही खटकत नसे. संगणकाचा पडदा मात्र दोन्ही अर्धुके एकत्र मांडतो, आणि तेवढ्यात हात पुढे सरकलेला असल्याने त्याची कड दातेरी दिसते. रूपांतर करताना हे दोष काढणारी चाळणी लावावी लागते. तिला ‘डीइंटरलेस’ म्हणतात. आम्ही ती लावली नाही, शिवाय जागा वाचविण्यासाठी चित्रही आकाराने लहान केले. त्यामुळे सम-विषम ओळी कायमच्या एकमेकींत मिसळल्या. मूळ तबकडी हाती असती, तर तासाभरात चूक सुधारली असती.

आता प्रोग्रामांविषयी. हँडब्रेक, मेकएमकेव्ही, एफएफएमपेग ही नावे एकाच दमात घेतली जातात, जणू ती एकाच कामाची आहेत. वस्तुतः ती तशी नाहीत. मेकएमकेव्ही तबकडीवरील चित्र व ध्वनी जसेच्या तसे उचलून नव्या फाइलीत ठेवतो. त्यात काडीचाही बदल करीत नाही. हँडब्रेक हा रूपांतराचा प्रोग्राम होय. २००३ साली सुरू झालेला हा विनामूल्य प्रोग्राम १.०.० ह्या आवृत्तीस पोहोचला तो २०१६ च्या डिसेंबरात, इतका त्याचा सावकाश कारभार! डीव्हीडीवरील एमपेग-२ हा जुना संकेत सोडवून तो चित्र एच.२६४ वा एच.२६५ ह्या नव्या संकेतांत बांधतो. फाइल लहान होते. पण प्रत्येक बांधणीत थोडे काही गळतेच. एफएफएमपेग दोन्ही कामे करतो, मात्र आज्ञा टंकित करून द्याव्या लागतात. ज्यांना त्याची सवय नाही त्यांनी त्याच्या वाटेस न गेलेले बरे. एके काळी डीव्हीडी श्रिंक नावाचा प्रोग्राम फार लोकप्रिय होता. ८.५ जीबीची दुहेरी थराची तबकडी ४.७ जीबीच्या कोऱ्या तबकडीत बसविणे हे त्याचे काम; आज जागेची ती अडचणच राहिलेली नाही.

विकतच्या चित्रपटांच्या तबकड्यांना बहुधा सांकेतिक कुलूप असते. हँडब्रेक ते स्वतः उघडीत नाही, आणि प्रताधिकार भंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे २०१२ च्या दुरुस्तीपासून आपल्या कायद्यानेही शिक्षेस पात्र आहे. आम्ही येथे घरच्या तबकड्यांपुरतेच बोलत आहो.

संगणकाचे काय? आमच्याकडे २०१२ सालचे एक जुने यंत्र आहे. तासाभराच्या तबकडीचे रूपांतर करावयास त्यास सुमारे पाऊण तास लागतो. भाच्याच्या नव्या आठ-कोरी यंत्रावर तेच काम दहा-बारा मिनिटांत झाले. इंटेलच्या प्रोसेसरांत २०११ पासून क्विक सिंक व एनव्हिडियाच्या कार्डांत २०१२ पासून एनव्हीएन्क नावाची खास ह्याच कामाची मंडले येऊ लागली. ती वेगवान खरी. परंतु तेवढ्याच गुणवत्तेस त्यांची फाइल बहुधा मोठी होते. अलीकडच्या कार्डांनी हे अंतर पुष्कळ कमी केले आहे. तरीही हँडब्रेकमध्ये वर सांगितलेली चाळणी मुख्य प्रोसेसरलाच चालवावी लागते, म्हणून अपेक्षेइतका वेळ वाचत नाही. आणि तबकडी वाचण्यासच जेथे दहा-पंधरा मिनिटे जातात, तेथे पाच मिनिटांच्या बचतीसाठी हजारो रुपयांचे कार्ड घेणे आम्हांस तरी पटत नाही. ह्या कामापुरता जुना संगणक पुरे. खर्चच करावयाचा, तर बाहेरून जोडण्याचा एक डीव्हीडी ड्राइव्ह आणि दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. ४.७ जीबीच्या दोनशे तबकड्या एक टीबीच्या डिस्कमध्ये मावतात. मग मूळ प्रत पिळून लहान करण्याची घाई कशास?

घरच्या तबकड्यांना घाई आहे ती वेगळ्याच कारणाने. दुकानात विकल्या जाणाऱ्या छापील तबकडीवर खळगे साच्याने उमटविलेले असतात. फोटोग्राफरने दिलेल्या तबकडीवर मात्र लेसरने सेंद्रिय रंगाच्या थरात खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता, दमट हवा ह्यांनी तो रंग विटतो. तेव्हा प्रथम प्रत्येक तबकडीची आयएसओ स्वरूपात जशीच्या तशी प्रत घ्यावी, ती दुसऱ्या डिस्कवरही ठेवावी, आणि मगच पाहण्यापुरते रूपांतर करावे. हँडब्रेकमध्ये एक्स२६४ निवडून गुणवत्तेचा आकडा १८ ते २२ च्या दरम्यान ठेवावा; आकडा जितका लहान, तितके चित्र चांगले व फाइल मोठी. एच.२६५ ने जागा वाचते खरी, पण घरातील जुन्या टीव्हीला ती फाइल कळेलच असे नाही.

आमची ती तिसरी तबकडी आम्ही डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने वाचली. तो अडलेल्या जागी हटून बसत नाही. सोपा भाग आधी उचलतो, राहिलेल्या जागांची नोंद एका फाइलीत ठेवतो व नंतर त्यांकडे पुन्हा वळतो. नव्या ड्राइव्हला जे वाचता आले नाही, ते त्याच नोंदीवरून जुन्या संगणकाच्या ड्राइव्हने पुष्कळसे वाचले. दोन रात्री यंत्र चालू होते. जाते दिसले, त्याभोवती बसलेल्या बायका दिसल्या, आणि आईचा आवाज आला. तिसऱ्या ओवीच्या मध्यावर चित्र चार-पाच सेकंद गोठते. आवाज थोडा तुटतो आणि पुन्हा लागतो. तेवढा भाग काही केल्या भरून निघाला नाही. बहिणीला आम्ही आयएसओ प्रतच पाठविली आहे.