एक संध्याकाळ आणि तीन नाटके

झाशीच्या लक्ष्मी गेटाच्या आत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचे मे महिन्यात पुण्याला जायचे ठरले. नात्यातली मुंज होती. झेलम एक्स्प्रेस झाशीहून थेट पुण्याला जाते, त्यामुळे प्रवासावरून काही वाद नव्हता. वाद झाला तो एका संध्याकाळीवरून. मुंज शुक्रवारी, परतीची गाडी रविवारी, मधला शनिवार रिकामा.

"पुण्याला जायचं आणि नाटक न बघता परत यायचं, म्हणजे पंढरपूरला जाऊन नुसती चंद्रभागा बघून येणं," आजींनी जाहीर केले.

आजींचे माहेर सांगली. लग्न होऊन झाशीला आल्या त्याला पंचावन्न वर्षे झाली. तिथल्या एका शाळेत त्यांनी मुलींना शिकवले आणि घरात मराठी टिकवली. पण टिकवली म्हणजे काय, तर मुलगा मराठी बोलतो, ग्वाल्हेरची सून त्याच्याहून बरी बोलते आणि नातवंडे आजीशी मराठी, आपापसात हिंदी आणि गल्लीत अस्सल बुंदेली बोलतात.

नाटक बघायचे हे सर्वांना मान्य होते. विनोदी हवे, कारण सुट्टी आहे. गाणी हवीत, कारण आजी आहेत. आता अशी नाटके मराठीत काय थोडी आहेत? पुण्यातल्या आत्याने फोनवरून वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचून दाखवल्या. जाहिरातीत प्रत्येक नाटक 'तुफान विनोदी' असते, तेव्हा त्या विशेषणाचा काही उपयोग नव्हता. शेवटी तीन नावे उरली : 'संगीत संशयकल्लोळ', 'मोरूची मावशी' आणि 'गाढवाचं लग्न'.

आठ वर्षांच्या नातवाचे मत ताबडतोब तयार झाले. ज्यात पुरुष लुगडे नेसून मावशी होतो ते नाटक! आचार्य अत्र्यांचे हे नाटक ब्रँडन टॉमस यांच्या 1892 च्या 'चार्लीज आंट' या इंग्रजी प्रहसनावरून घेतलेले. त्यातले मावशीचे नाचगाणे म्हणजे पोरांना मेजवानीच. शिवाय झाशीकरांना या प्रकाराचे नवल नाही. राणी लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव नेवाळकर नाटकाचे मोठे शौकीन. त्यांनी झाशीत नाटकशाळा चालवली आणि ते स्वतः स्त्रीवेष घेऊन उभे राहत, असे सांगतात. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला 'सीतास्वयंवर' केले ते 1843 साली, आणि गंगाधरराव वारले 1853 साली. म्हणजे सांगलीत मराठी नाटक रांगू लागले त्याच दशकात झाशीचा राजाही नाटकात रमला होता. आजी हे माहेरच्या आणि सासरच्या अशा दुहेरी अभिमानाने सांगतात. लक्ष्मी गेटातून बाहेर पडून लक्ष्मी तलावाकडे गेले की महालक्ष्मीचे देऊळ लागते, आणि तिथेच गंगाधररावांची छत्री आहे. ज्या गावाला स्वतःची नाटकशाळा होती, तिथल्या माणसांना आता एका मराठी नाटकासाठी रात्रभर गाडीत बसावे लागते.

पण 'मावशी'ला विरोध केला तो नातवाच्या बाबांनीच. त्यांनी विजय चव्हाणांची मावशी कॅसेटवर इतक्या वेळा पाहिली होती की दुसरा कोणी त्या लुगड्यात त्यांना बघवेना. ही अडचण हसण्यावारी नेण्यासारखी नाही. काही विनोदी नाटके लेखकाची असतात, काही नटाची. नटाच्या नाटकाला जायचे तर आधीच्या नटाला घरी ठेवून जावे लागते आणि ते प्रत्येकाला जमत नाही. त्यातून प्रयोग रात्री साडेनऊचा, नाट्यगृह आत्याच्या घरापासून लांब. आजींच्या गुडघ्यांनी निकाल दिला.

बाबांचे मत 'गाढवाचं लग्न'ला होते. बुंदेलखंडात स्वांग असतो, त्यातही गाणे आणि थट्टा हातात हात घालून चालतात. तेव्हा आपल्या मुलांना मराठी वग परका वाटणार नाही, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. सावळ्या कुंभार, त्याची गंगी, शापामुळे गाढव झालेला गंधर्व आणि राजकन्येशी त्याचे लग्न ही गोष्ट कुठल्याही खेड्यातल्या पारावर रंगेल. प्रकाश इनामदारांनी तो सावळ्या घरोघर पोचवला. पण वगाची खरी मजा असते बतावणीत. एकाने शब्द टाकायचा, दुसऱ्याने तो उलटा करून परत फेकायचा, आणि हे सगळे ग्रामीण बोलीत, विजेच्या चपळाईने. ज्यांची मराठी घरच्या चार भिंतींत वाढली त्यांच्यापर्यंत एक विनोद पोचेतो दुसरा निघून जातो. आजूबाजूचे पाचशे लोक हसताहेत आणि आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय, यासारखी पोरकी अवस्था नाही.

आणि नेमकी हीच भीती एका व्यक्तीला होती. ती व्यक्ती या चर्चेत भागच घेत नव्हती.

नववीतली नात. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात पंगतीत तिने वाढणाऱ्याला सांगितले होते, "मला थोडी सब्जी अजून पाहिजे आहे." शेजारच्या पानांवरच्या समवयस्क मुली फिस्सकन हसल्या आणि दिवसभर तेच वाक्य एकमेकींना ऐकवत राहिल्या. तेव्हापासून ती महाराष्ट्रात गेली की हिंदीच बोलते, नाहीतर गप्प बसते. नाटकाचे नाव काढल्यावर ती म्हणाली, "तुम्ही जा. मी आत्याकडे टीव्ही बघीन."

आजींनी तिला आग्रह केला नाही. पण त्या रात्री सुनेजवळ म्हणाल्या, "या खेपेला माझ्यासाठी नाटक नका निवडू. ती कशाला हसेल ते बघा."

मग तिसऱ्या नाटकाचा विचार झाला. सुनेची पहिली शंका रास्त होती. संगीत नाटक म्हणजे जुनी भाषा, लांबलचक पदे. मुले झोपतील. आणि मुलांसमोर बघण्यासारखे आहे ना?

"त्यात चावट काही नाही गं," आजी म्हणाल्या, "संशय आहे. तो घरोघरी असतो."

आजींना 'संशयकल्लोळ'चा इतिहास पाठ. गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, म्हणजे माहेरचेच. गोष्ट मूळ मोलिएरची, 1660 मधली. तिच्यावरून आर्थर मर्फीने 1761 मध्ये इंग्रजी नाटक केले, त्यावरून देवलांनी आधी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिले आणि पुढे त्यात पदे घालून 'संगीत संशयकल्लोळ' केले. गंधर्व नाटक मंडळीने ते 1916 साली रंगभूमीवर आणले, पण त्याच वर्षी देवल वारले होते. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव यांच्या आठवणी पुढे दोन पिढ्या सांगत राहिल्या.

आजींचा मुद्दा मात्र इतिहासाचा नव्हता. "जो विनोद फ्रान्समधून इंग्लंडात आणि तिथून हरिपुरात येऊनसुद्धा विटला नाही, तो झाशीला पोचायला काय हरकत आहे?"

मुद्दा बिनतोड होता. या नाटकातले हसू शब्दांत कमी आणि प्रसंगात जास्त आहे. रस्त्यात एका मुलीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि ते त्याची बायको कृत्तिका बघते. मुलीच्या हातून एका तरुणाची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, आणि तिच्या हातात ती फाल्गुनराव बघतो. बस्स. पुढचा सगळा कल्लोळ एवढ्याचा. प्रेक्षकाला सगळे ठाऊक आणि रंगमंचावरच्या कोणालाच काही ठाऊक नाही. हे बघायला व्याकरण लागत नाही. कुठलेही नाटक परप्रांतात वाढलेल्या मुलांना दाखवायचे असेल तर चाचणी हीच : आवाज बंद करून बघितले तरी निम्मे हसू येईल का?

आत्याला कामाला लावण्यात आले. तिने खिडकीवर जाऊन दोन प्रश्न विचारले. प्रयोग किती वेळाचा? पूर्वी संगीत नाटके रात्रभर चालत, वन्समोअर मिळत गेले की पहाट होई. हल्ली पदे कमी करून तीन तासांत बसवतात, हाही तसाच होता. दुसरा प्रश्न : पायऱ्या न चढता बसता येईल अशी कडेची खुर्ची आहे का? होती. प्रयोग संध्याकाळचा. तिकिटे सहा काढली. नातीने टीव्हीचा आग्रह धरला तर एक फुकट जाणार होते.

ती आली. हाताची घडी घालून बसली. नांदी झाली, पडदा वर गेला, आणि पहिल्या पदालाच धाकट्याने मोठ्याने विचारले, "हे बोलता बोलता गातात का?" पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून बघितले. आजींचा हात मांडीवर ताल धरत होता. त्यांनी नुसते बोट ओठांवर ठेवले.

कृत्तिका तसबीर निरखत उभी आहे आणि मागून फाल्गुनराव पाय न वाजवता येतो आहे, या प्रवेशाला नात हसली. म्हणजे फाल्गुनरावाने तोंड उघडण्याच्या आधीच हसली, प्रेक्षागृह हसण्याच्या अर्धा क्षण आधी. आजींनी तिच्याकडे बघितले नाही. बघितले असते तर ती थांबली असती.

मध्यंतरात तिने आजीला कानात विचारले, "फाल्गुन, अश्विन हे तर महिने झाले. मग रेवती, कृत्तिका?" पुरुषांची नावे महिन्यांवरून आणि बायकांची नक्षत्रांवरून ठेवण्याची देवलांची ही गंमत पुष्कळ पुणेकरांच्याही लक्षात येत नाही. मग ती भावाला घेऊन वडे आणायला गेली. खिडकीवर ही गर्दी. "दोन वडे अजून पाहिजे आहेत," ती म्हणाली. माणसाने वडे दिले, सुटे पैसे मागितले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

धाकट्याला दुसऱ्या अर्धात झोप लागली, हेही सांगायला हवे. लुगडे नेसलेल्या मावशीचे त्याचे दुःख गाडीत भोपाळपर्यंत चालू होते. पुढच्या खेपेचे नाटक त्याचे, असा लेखी करार सुनेने डब्यात करून दिला.

झाशीला पोचल्यावर चौथ्या दिवशीची गोष्ट. लक्ष्मी गेटाच्या घराच्या जिन्यात आजींना पासपोर्ट आकाराचा एक फोटो सापडला. कुणातरी मिशाळ तरुणाचा. कसल्यातरी अर्जाला लावायला नेताना वरच्या भाडेकरूचा पडला असावा. आजी तो चष्म्याजवळ धरून निरखत होत्या, तेवढ्यात आजोबा मागून आले.

"कोण हो हा?" आजोबांनी विचारले.

स्वयंपाकघराच्या दारातून नात ओरडली, "आजी, लपव! तसबीर आहे ती!"