दवाखान्याची पट्टी व शेतकऱ्याचें मत

महसूल खात्यांत कारकुनी करून मीं निवृत्त झालों. फेरफाराच्या नोंदी करतांना "जमीन कां विकलीस?" असें सहज विचारलें असतां "घरांत दुखणें आलें" हें उत्तर पुष्कळदां ऐकलें. तसेंच, पट्टी भरणाऱ्याचा राग रकमेवर कमी आणि ती कोठें गेली हें न कळण्यावर अधिक असतो, हेंही पाहिलें. या दोन्ही अनुभवांमुळें अमेरिकेंतील टेक्सस राज्याची एक रीत वाचकबंधूंपुढें मांडावीशी वाटते. तेथें सार्वजनिक रुग्णालयासाठीं घरजमिनीवर कर बसवावा कीं नाहीं, हें लोकांचें मत घेऊन ठरवितात.

ह्यूस्टन शहर ज्या हॅरिस परगण्यांत आहे, तेथील गरिबांच्या रुग्णालयाचा खर्च पूर्वीं शहर व परगणा मिळून सोशीत. कोणीं किती द्यावें यावरून दोघांत तंटा चाले आणि हाल रोग्यांचे होत. यान द हार्टोग या डच ग्रंथकारानें तेथें स्वयंसेवक म्हणून काम केलें व १९६४ सालीं पुस्तक लिहून ती दुर्दशा चव्हाट्यावर आणली. स्वतंत्र कराची सूचना मतदारांनीं पूर्वीं एकाहून अधिक वेळां फेटाळली होती. १९६५ च्या नोव्हेंबरांत मात्र त्यांनीं ती मान्य केली. तेव्हांपासून रुग्णालयाचा कारभार निराळा व कर निराळा. अशा करास राज्यघटनेनें मर्यादाही घातली आहे: १०० डॉलर किंमतीच्या मालमत्तेस फार तर ७५ सेंट. पुढें २०२३ सालीं नव्या बांधकामासाठीं २५० कोटी डॉलरचें कर्ज काढण्यास तेथील सुमारें ७२ टक्के मतदारांनीं संमति दिली. तें कर्ज याच मालमत्ता-करांतून फेडावयाचें आहे, हें जाणूनच त्यांनीं मत दिलें.

शेतकरी म्हणेल, "जमीन डोळ्यांत भरते, पण हातांत रोकड नसते, मग सारा भार मजवरच पडणार." ही शंका खरी आहे. टेक्ससमध्यें १९७८ सालीं घटनादुरुस्ती होऊन शेतजमिनीची आकारणी बाजारभावावर न करतां तिच्या उत्पादनक्षमतेवरून करण्याची सोय झाली. ही तरतूद नसेल तर शेतकऱ्यानें अशा करास खुशाल विरोध करावा.

दुसरे म्हणतात, ज्याला दुखणें त्यानेंच पैसे द्यावेत. पण दुखणें सुगी पाहून येत नाहीं. ऐन पेरणींत बैल विकून औषध आणण्यापेक्षां धडधाकट असतांना दरसाल थोडें देणें हेंच किफायतीचें. भूमिहीन मजूर कर न देतां लाभ घेईल अशी तक्रार असेल, तर एवढेंच सांगतों कीं साथ कोणाचा बांध ओळखीत नाहीं. आणि मजूर अंथरुणाला खिळला तर आपलें पीक कोण कापणार?

आपल्याकडे कर बसविण्यापूर्वीं असें मत घेण्याची चाल नाहीं. तथापि घरपट्टी आपण भरतोंच आणि ग्रामसभाही आपलीच आहे. आरोग्यासाठीं नवी पट्टी निघाली तर तिला डोळे झांकून नकार देऊं नये, कीं होकारही देऊं नये. खातें स्वतंत्र असावें, दरास मर्यादा असावी, आकारणी उत्पन्न पाहून व्हावी आणि पैन् पैचा हिशेब दरसाल ग्रामसभेंत वाचून दाखवावा, एवढ्या चार अटी घालाव्या. त्या पाळल्या जात असतील तर पट्टी वेळेवर भरावी. दुखण्यापायीं गेलेली जमीन परत आल्याची नोंद माझ्या उभ्या नोकरींत मला क्वचितच करावी लागली.