पंपाची वही

५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं, १ मिलीचे २० थेंब, तर मिनिटाला किती? ४२ च्या आसपास. सातवीचं गणित. आपल्याकडे कितीतरी वॉर्डांत सिस्टर घड्याळाकडे बघत हेच करते नि नळीची चाकी फिरवते.

मोठ्या आयसीयूत पंप असतो. ‘स्मार्ट’ पंपात औषधांची यादी नि प्रत्येकाची मर्यादा भरलेली. ५ च्या जागी ५० दाबलं की ओरडतो. शिवाय किती वाजता काय दाबलं, कोणता इशारा डावलला, सगळं नोंदवतो.

सौ.च्या उशाशी असा पंप होता. रात्री वाजायचा, कोणीतरी येऊन गप्प करायचं. का वाजला, ते मला आजही ठाऊक नाही.

एकाच औषधाचा इशारा रोज डावलला जात असेल, तर मर्यादा तरी चुकीची भरलीय, नाहीतर डोस चुकतोय. नोंद वाचल्याशिवाय कसं कळणार? निम्मा वर्ग एकाच गणितात अडला, की मी आधी प्रश्न तपासायचो. पण त्या नोंदीवरून सिस्टरला मेमो दिला, तर संपलंच!

यंत्रही देव नव्हे. अमेरिकेत २००५ ते २००९ या काळात पंपांबाबत सुमारे ५६ हजार तक्रारी एफडीएकडे गेल्या. आपल्याकडे २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स (कवळी सांभाळून म्हणा) योजना आहे. उपकरणाने अपाय झाला तर तिथे रुग्णालाही कळवता येतं.

घरात कोणी नर्सिंगला असेल तर विचारून कळवा, तुमच्याकडे ही वही कोण वाचतं?