मुळं आणि पारंब्या : गव्हर्नरची लेक की पोरकी पोर?



या दिवाळीत आमच्याकडे फराळापेक्षा वाद जास्त रंगला, तोही कुलवृत्तांतावरून. काकांनी चार वर्षं खपून मजकूर तयार केलाय. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत वाक्य होतं, ‘आपले मूळपुरुष होळकरांच्या पदरी सरदार होते.’ माझ्या चुलतभावाने सहज विचारलं, ‘काका, याचा कागद कुठेय?’ झालं! ‘कागद कशाला हवा? माझ्या आजोबांनी मला सांगितलंय. ते काय खोटं बोलत होते?’

त्या वादाचं पुढे काय झालं ते सांगतेच. पण त्याआधी सातासमुद्रापलीकडच्या एका घराण्याची गोष्ट ऐका.

सन १६२०. ‘मेफ्लॉवर’ नावाचं जहाज इंग्लंडहून अमेरिकेकडे निघालं. प्रवासी १०२. त्यांत जॉन हाउलंड नावाचा एक तरुण होता, जॉन कार्व्हर नावाच्या बड्या असामीचा नोकर. भर समुद्रात वादळात हा डेकवर आला आणि जहाज कललं तसा थेट पाण्यात पडला. नशिबाने शिडाचा एक दोर बाहेर लोंबकळत होता, तो त्याच्या हाती लागला. पाण्याखाली गेला तरी त्याने दोर सोडला नाही. शेवटी खलाशांनी दोर ओढून आणि आकडी लावून त्याला वर घेतलं.

तो दोर हातातून सुटला असता तर? फ्रँकलिन रूझवेल्ट, दोन्ही बुश राष्ट्राध्यक्ष आणि सिनेनट हम्फ्री बोगार्ट हे सगळे या हाउलंडचेच वंशज!

प्लिमथला पोचल्यावर पहिल्याच हिवाळ्यात जवळपास निम्मी माणसं दगावली. ज्या जागी त्यांनी घरं बांधली तिथे आधी वाम्पानोआग लोकांचं पटक्सेट हे गाव होतं. काही वर्षांपूर्वीच्या साथीत ते ओस पडलं होतं. या वंशावळीची सुरुवात अशी दोन्हीकडच्या मृत्यूंतून होते, हे विसरून चालणार नाही. कार्व्हर वसाहतीचा पहिला गव्हर्नर झाला, पण १६२१च्या वसंतात तोही गेला. हाउलंड मात्र जगला, स्वतंत्र झाला, लग्न केलं, दहा मुलं झाली. १६२७ साली वसाहतीने गुरांची वाटणी केली. त्या यादीत हाउलंड, त्याची बायको एलिझाबेथ आणि दोन मुलं आहेत. त्यांच्या गटाच्या वाट्याला आलेल्या कालवडीचं नावसुद्धा लिहून ठेवलंय, रॅगहॉर्न. चारशे वर्षांनी एका कालवडीचं नाव आपल्याला कळतं, ते कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून!

आता खरी मेख. ही एलिझाबेथ कुणाची मुलगी? हाउलंडांच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले, की ती गव्हर्नर कार्व्हरची लेक. केवढा मान! वंशजांनी हौसेने थडग्यावर दगड बसवला, त्यावरही तेच कोरलं. दगडात कोरलेलं खोटं कोण म्हणणार?

पण वसाहतीचा पुढचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने स्वतःच्या हाताने सगळी हकिगत लिहून ठेवली होती. अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत ते हस्तलिखित बॉस्टनमधून नाहीसं झालं. १८५५ साली ते सापडलं लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात, फुलहम पॅलेसमध्ये! त्याच्या शेवटी ब्रॅडफर्डने जहाजावरच्या माणसांची यादी दिली होती, कोण जगलं, कोण गेलं, कुणाला किती मुलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, की हाउलंडने जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केलं.

म्हणजे ती गव्हर्नरची लेक नव्हतीच. आईबापाबरोबर आलेली, पहिल्याच हिवाळ्यात आई, वडील, काका, काकू सगळ्यांना गमावलेली तेरा वर्षांची पोरकी पोर होती ती. पुढे इंग्लंडात बेडफर्डशायरमधल्या हेन्लो गावच्या चर्चच्या वहीत तिच्या बाप्तिस्म्याची १६०७ सालची नोंदही मिळाली. थडग्यावरचा दगड बदलावा लागला.

मला सांगा, कुठली पूर्वज जास्त अभिमानाची? गव्हर्नरची लेक, की तेराव्या वर्षी सगळं गमावून पुन्हा उभी राहिलेली ही मुलगी? मान मिळावा म्हणून रचलेल्या गोष्टीने तिचं खरं दुःख आणि खरी हिंमत दोन्ही झाकून टाकली होती.

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पण आठवड्याने त्यांनीच फोन केला, ‘चल, त्र्यंबकेश्वरला जाऊन येऊ.’ आपल्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात, हे तुम्हाला माहीत असेल. कोण आलं, कुठल्या गावाहून, बापाचं नाव काय, सगळं त्यात असतं. गुरुजींनी वही काढली आणि मोडीतली नोंद बोट ठेवून वाचली. मूळपुरुषांचं नाव जुळलं, गाव जुळलं. पुढे लिहिलं होतं, ‘यजमानांसमवेत, आचारी.’

परतीच्या प्रवासात काका खिडकीबाहेर बघत बसले. मला वाईट वाटलं. सुनेच्या माहेरी, लग्नकार्यात, किती ठिकाणी त्यांनी ‘सरदार’ सांगितलं असेल! घरी आल्यावर आजीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, ‘बरं झालं. परक्या मुलखात हातातल्या कलेवर पोट भरलं माणसानं. यात खाली मान कसली घालायची?’

मुलांनो, तुम्हीही शोध सुरू करणार असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा, कारण कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत. ऐकलेलं आणि कागदावर पाहिलेलं वेगवेगळं लिहा. आणि तारखा जपून वाचा. हाउलंडच्या मृत्यूचं साल १६७२/३ असं दुहेरी लिहितात, कारण तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. आपल्या जुन्या कागदांत तर शके, संवत, फसली सगळंच भेटतं. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. पौष-माघातली तारीख असेल तर बहुधा ७९.

काकांनी पहिलं पान परवा स्वतःच बदललं. आता तिथे लिहिलंय, ‘मूळपुरुष आचारी म्हणून आले (त्र्यंबकेश्वरची वही). ते सरदार होते अशी घरात आख्यायिका आहे.’ दोन्ही वाक्यं ठेवलीत, पण कुठलं कुठून आलं तेही लिहिलंय.

तुमच्या घरी अशी कुठली ‘सरदारकी’ आहे? कळवा. आणि हो, कागद शोधून मगच कळवा!