निम्मा खर्च, मग निम्मा अधिकार का नाही?

अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९५ साली मंजूर झाला. बीडहून पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. परळी त्या दिवशीही दूरच होती. मधल्या तीस वर्षांत बीडचा ऊसतोड कामगार दर हंगामाला ट्रकमध्ये बसून परमुलखात जातच राहिला.

या मार्गाच्या निम्म्या खर्चाचा भार महाराष्ट्राने उचलला. परंतु घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार रेल्वे केंद्राकडे, राज्याकडे रस्ते आणि पूल.

राज्यांना अधिकार दिले तर रेल्वेचे तुकडे होतील, असे काहीजण म्हणतील. रूळ, सिग्नल, सुरक्षितता खुशाल दिल्लीकडे राहो. प्रादेशिक गाड्यांच्या वेळा, थांबे आणि कामांचा अग्रक्रम यांत तरी राज्याला मत हवे. १९९० साली स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळात चार राज्ये भागीदार होती. १९९८ साली तो मार्ग पुरा झाला. रेल्वेचे तुकडे झाले नाहीत. शिवाय अधिकार आला की विलंबाचा जाबही राज्याला द्यावा लागेल.

पैसे देताना भागीदार आणि निर्णयाच्या वेळी अर्जदार, हा कुठला न्याय?