सीमाभागातल्या पोरांनी फेलोशिप शोधायची कुठं?

सारथी, बार्टी, महाज्योती ही नावं बेळगाव-निपाणीतही तोंडपाठ आहेत. पण पीएचडीच्या या फेलोशिप महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी; डोमिसाईलपाशी गाडी अडते. ८६५ गावांवर दावा सांगणाऱ्या सरकारने प्रत्येक जाहिरातीत सीमाभागाचं काय, हे स्पष्ट लिहायला हवं.

तोवर भरवसा नेट-जेआरएफचाच. तिथं डोमिसाईल लागत नाही. कोल्हापूरला प्रवेश घ्या की धारवाडला, २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. मात्र पहिला पेपर इंग्रजी-हिंदीतच असतो, मराठी विषयवाल्यांनाही तो चुकत नाही. खरी मेख वयाची. खुल्या गटाला जेआरएफसाठी मर्यादा ३० वर्षांची. एम.ए.च्या शेवटच्या वर्षातच परीक्षेला बसता येतं, पण आपली पोरं आधी नोकरी बघतात.