सिकलसेलचे लेकरू आणि लसीची सुई



परवा विहारात वंदना झाल्यावर एक माउली म्हणाली, "भाऊ, लेकरू आधीच सिकलसेलचं. हातपाय दुखतात, रक्त कमी. त्यात सुई कायले टोचता?"

आईची माया खरी. पण हिशेब उलटा आहे.

सिकलसेल विदर्भात बौद्ध व आदिवासी समाजात जास्त आढळतो. या आजारात रक्तातले जंतू अडवणारी प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते. मग न्यूमोनियाचे जंतू रक्तात पसरले, तर लेकरू एक-दोन दिवसांतच हातचे जाऊ शकते. म्हणून लस धडधाकट मुलापेक्षा यालाच अधिक गरजेची.

न्यूमोनियाची लस महाराष्ट्रात २०२१ पासून सरकारी लसीकरणात मोफत आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, असे तीन डोस. मूल मोठे असेल तर कोणती लस राहिली, ते डॉक्टरांना विचारा. जाताना सिकलसेलचे कार्ड दाखवा. दुखणे उमळले असेल तर तारीख पुढे न्या, चुकवू नका. लसीनंतरही ताप आला तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

बाबासाहेब आणि रमाईंची चार लेकरे लहानपणीच गेली. तेव्हा अशा लसी नव्हत्या. आज आहेत. मग आपण का मागे राहावे?